हवालदार किसनच्या डाव्या हाताचा सलाम

कुणी सलाम ठोकला की मी आधी त्याचा हात बघते आणि मग तोंड. सोसायटीचा वॉचमन असो, बँकेच्या दारातला बंदूकवाला असो की टीव्हीवरची परेड असो, माझी नजर उजव्या कोपरावर जाते, तिथून डाव्या खिशावर, आणि सगळं जागच्या जागी दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो. सूनबाई विचारते, "आई, तुम्ही काय फौजेत होतात का?" फौजेत नव्हते. पण एक अख्खी तुकडी बुटांच्या नाड्यांसकट माझ्या हाताखालून गेली आहे आणि तिच्यातल्या एकाही जवानाला मी चुकीचं बटण लागू दिलं नाही. चूक एकदाच झाली. ती एवढी मोठी झाली की देशभरातल्या पोरांनी तिची नक्कल केली.

‘तुकडी नंबर सात’ ही कार्टून मालिका तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. रविवारी सकाळी लागायची, हिंदीत. डोंगरातली एक चौकी, सात जवान, एक हट्टी खेचर आणि जिकडे तिकडे बर्फ. ज्या पोरांनी ती दुधाचा पेला हातात धरून पाहिली, ती आता चाळिशी-पन्नाशीची झाली आहेत आणि त्यांचे फोनवर गट आहेत. तिथे रात्रंदिवस काथ्याकूट चालतो. तिसऱ्या भागात कॅप्टनच्या कमरेचं पिस्तूल मध्येच गायब का होतं? पाचव्या भागापासून बर्फ निळसर का दिसतो? लढाईत धावणारे जवान नेहमी गुडघाभर बर्फातच का असतात? कुणी म्हणतं यात दिग्दर्शकाचा काही गूढ हेतू आहे. मी वाचते आणि हसते. पिस्तूल गायब झालं कारण त्या आठवड्यात आमच्या रंगाच्या खोलीतली सुमन तापाने फणफणली होती आणि तिची चित्रं दुसरीने रंगवली. बर्फ निळा झाला कारण पांढरा रंग वाळल्यावर पिवळट पडायचा, म्हणून मी त्यात कपड्यांची नीळ चार थेंब टाकायला लागले. आणि जवान गुडघाभर बर्फात, कारण धावणारे पाय काढायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. बर्फात पाय दिसत नाहीत.

धंद्याची थोडी ओळख करून देते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आताच्या मुलांना वाटतं कार्टून म्हणजे कॉम्प्युटरचं बटण. आमच्या वेळी पडद्यावरच्या एका सेकंदाला बारा चित्रं लागायची. पेन्सिलची चित्रं मुंबईत काढली जायची आणि पाकिटातून आमच्याकडे नाशिकरोडला यायची. खाली ट्यूब लावलेल्या काचेच्या टेबलावर चित्र ठेवायचं आणि त्यावर एक पारदर्शक शीट ठेवायची, तिला सेल म्हणतात. सेलच्या वरच्या बाजूला शाईने रेघ ओढायची. ती वाळली की सेल पालथा घालायचा आणि मागच्या बाजूने रंग भरायचा. मागून अशासाठी, की समोरून ब्रशचे फटकारे दिसत नाहीत आणि रेघ रंगात बुडत नाही. हातात सुती मोजे, पुढची बोटं कापलेले. सेलवर घामाचा ठसा उमटला तर तो पडद्यावर दाराएवढा दिसतो. हे काम मुंबईत का नाही, तर तिथल्या दमट हवेत रंग वाळायचा नाही आणि सेल एकमेकांना चिकटायचे. नाशिकच्या कोरड्या हवेने आम्हा नऊ जणींना नोकरी दिली असं म्हणायला हरकत नाही.

रंगलेले सेल पुन्हा मुंबईला जायचे. तिथे पुठ्ठ्यावर रंगवलेल्या देखाव्यावर चार सेल एकावर एक ठेवून कॅमेऱ्याने फोटो काढायचे. नेहमी चारच. कारण सेल कितीही पारदर्शक म्हटला तरी थोडा मळकट असतोच. चार थरांखालचा हिरवा आणि तीन थरांखालचा हिरवा वेगळा दिसतो, आणि मग जवानाची वर्दी चालता चालता रंग बदलते. म्हणून वरच्या थरावर काही चित्र नसलं तरी तिथे एक कोरा सेल ठेवायचा. नव्या मुलींना हसू यायचं, काही न काढलेल्या सेलला एवढं काय जपायचं. तो कोरा सेल तेवढा लक्षात ठेवा.

मी त्या खोलीची मुख्य होते. सगळे मला पगारेबाई म्हणायचे, मुली ताई म्हणायच्या. चित्रकलेच्या शाळेत मी कधी गेले नाही. आमच्या कॉलनीत जयंतीचे फलक मी रंगवायची, तेवढीच माझी पदवी. आणि मी डावखुरी. लहानपणी आईने उलथनं घेऊन या डाव्या हाताला वळण लावायचा खूप प्रयत्न केला. जेवायला उजवा हात शिकला, पण रेघ ओढायची म्हटलं की डावाच पुढे यायचा. आईचं म्हणणं एकच, चारचौघांत अशाने आपली शोभा होते. ते तिचं म्हणणं माझ्या मनात कुठेतरी राहिलंच. खोलीत मी सगळ्यांच्या उलट टोकाला बसायची, कारण दिवा मला दुसऱ्या बाजूने लागायचा.

आता सुभेदारसाहेब. मालिका फौजेची, म्हणून वाहिनीची अट होती की प्रत्येक भागाचे सेल कॅमेऱ्याखाली जाण्याआधी फौजेतल्या जाणत्या माणसाने तपासून सही करावी. सही नाही तर भाग नाही. त्यासाठी आले सुभेदार निकम, गाव नामपूर, निवृत्तीनंतर नाशिकरोडला राहिलेले. बरोबर अकराला सायकल दाराशी लागायची. खिशात कार्बन घातलेलं पावतीपुस्तक. त्यावर ते ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ लिहायचे आणि खाली एका ओळीत कारण. ‘जवान क्रमांक चारची मिशी नियमापेक्षा लांब. नामंजूर.’ मग आम्ही ओल्या कापसाने चव्वेचाळीस मिशा पुसून आखूड करायच्या.

पहिल्याच दिवशी आमचा हिरवा रंग बघून म्हणाले, "बाई, हा तर पोपट झाला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची जुनी वर्दी आणली. माझ्याकडे कात्री मागितली आणि सगळ्यांसमोर तिची बाही कापून दिली. म्हणाले, "याच्याशी जुळवा." कापण्याआधी त्यांचा हात क्षणभर थांबला होता, ते मी पाहिलं. ती बाही शेवटपर्यंत आमच्या रंगांच्या फळीवर टाचलेली होती. मालिकेतला प्रत्येक जवान त्या बाहीच्या रंगाचा आहे.

एकदा चालण्यावरून सेल नामंजूर झाले. पाऊल तीस इंचाचं हवं, आमचं सव्वीसच पडतंय. आम्हाला काही फरक दिसेना, तेव्हा त्यांनी फरशीवर खडूने खुणा केल्या आणि आम्हा नऊ जणींना साडी-ओढणीसकट कवायत करायला लावली. सायखेड्याहून येणारी सुमन दर वळणाला माझ्या अंगावर यायची. शेवटी सलाम शिकवला. टाचा जुळवा, मान ताठ, तळवा समोर. मी डावा हात वर केला, तर साहेबांनी तो खाली केला आणि उजवा वर ठेवला. सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या वेळी तरी मला अक्कल यायला हवी होती.

चुकीकडे येते. आमच्या कामात मी एक युक्ती काढली होती, उलटवण्याची. समजा खेचर डावीकडून उजवीकडे डोंगर चढतंय अशी चित्रं आली आहेत. पुढच्या भागात त्याला उलट दिशेने यायचं आहे. मुंबईने नवी चित्रं काढायची, आठवडा घालवायचा. मी म्हटलं, कशाला? पेन्सिलचा कागद पालथा ठेवला की खालच्या ट्यूबच्या उजेडात रेघ दिसतेच. तीच गिरवा. खेचर आपोआप माघारी वळतं. दिग्दर्शक पाठारेसाहेब मुंबईहून फोनवर म्हणाले, "पगारेबाई, तुम्ही खेचर न चालवता परत आणलंत." मला मूठभर मांस चढलं. त्यानंतर मी काय काय उलटवलं म्हणून सांगू, ट्रक, गिधाडं, स्वयंपाकी, पळणारा शत्रू. सगळं खपून गेलं.

तेराव्या भागात झेंडावंदन होतं. हवालदार किसन, तुकडीतला सगळ्यात लाडका, चालत येतो, थांबतो आणि सलाम करतो. त्याचा असाच प्रसंग आधीच्या एका भागात झाला होता, पण त्यात तो उजवीकडे तोंड करून होता. आता देखाव्यात झेंडा डावीकडे होता. पाठारेसाहेब म्हणाले, नवी चित्रं काढावी लागतील. मी तोऱ्यात म्हणाले, "साहेब, कशाला? उलटवू या."

शंभरावर सेल झाले. नऊ जणींनी सहा दिवस खपून केले. मुलींनी माझ्या रेघेत रंग भरला, त्यांचा काय दोष. तपासायचं काम माझं होतं आणि मी एकेक सेल उजेडात धरून तपासला. रेघ तपासली, रंग तपासला, बटणं मोजली. किसनचा हात कपाळाला लागलेला पाहिला आणि पुढे गेले. माझ्या डोळ्याला तो हात बरोबरच वाटला. मला सलाम करायचा असता तर मी त्याच हाताने केला असता.

मंगळवारी अकरा वाजता सुभेदारसाहेब आले. सेलचा गठ्ठा हातात घेऊन त्यांनी अंगठ्याने भराभर सोडला, म्हणजे चित्र हलताना दिसतं. एकदा सोडला. पुन्हा सोडला. मग गठ्ठा टेबलावर ठेवला. साहेब रागावले की अहिराणीत जायचे, एरवी नाही.

"हाई काय शे, बाई?" ते म्हणाले. "हाऊ कोना सिपाही शे?"

हा कुणाचा शिपाई म्हणजे काय, ते मला अजून कळलं नव्हतं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

"झेंड्याला डाव्या हाताने सलाम? आणि मेडल बघा, उजव्या छातीवर. बाई, उजव्या छातीवर मेडल कोण लावतं माहीत आहे? मेलेल्या जवानाचा पोरगा. बापाचं मेडल. जिवंत माणूस नाही लावत."

खेचराला डावं-उजवं नसतं. जवानाला असतं. साहेबांनी पावतीपुस्तक काढलं, ‘नामंजूर’ लिहिलं आणि माझ्या हातात दिलं.

मी पाठारेसाहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. ते म्हणाले, "कॅमेरा शुक्रवारचा आहे. नवी चित्रं काढायला माझ्याकडे माणूस नाही. गुरुवारी सकाळी सही केलेलं पाकीट नाशिकहून निघालं तर ठीक. नाहीतर भाग जाणार नाही, आणि वाहिनीने विचारलं तर मी सांगेन की काम मुंबईला परत आणतोय. मला दुसरा मार्ग नाही, बाई." ते काही वाईट बोलले नाहीत. त्यांच्या डोक्यावरही कुणीतरी होतंच.

खोलीत आले तर आठही जणी हात आवरून बसलेल्या. सुमनने विचारलं, "ताई, खोली बंद व्हनार का?"

"गुरुवारपर्यंत नाही," मी म्हटलं.

"मला घरी ठुतील ताई. सासऱ्यानं पैल्यापासून म्हनलंय, चित्रं रंगवायला कोन ठुतं का कामाला? आता परत गेले ना, तर म्हनंल झाली हौस. मंग चौकट वलांडू देनार नाय." हे ती अगदी शांतपणे म्हणाली, म्हणून जास्त लागलं. तिच्या हातची रेघ आमच्यात सगळ्यात बारीक होती. माझ्या तोऱ्यापायी तिने घरी बसायचं, हे मला सहन होईना.

काय करता येईल ते मी एकेक करून बघितलं. सेल पुन्हा सरळ करावेत, तर किसनची पाठ झेंड्याकडे होते, आणि झेंड्याकडे पाठ करून सलाम म्हणजे आगीतून फुफाट्यात. देखावा उलटवावा, तर तो पुठ्ठ्यावर, त्याच्या आरपार काही दिसत नाही. सलामच काढून टाकावा, तर झेंडावंदनात किसन नुसता उभा, आणि साहेब तेही नामंजूर करणार. सुभेदारसाहेब अजून गेले नव्हते. कोपऱ्यात स्टुलावर बसून चहा पीत होते. नामंजूर लिहिल्यावर ते एरवी लगेच सायकलवर बसायचे. त्या दिवशी त्यांचा पाय निघत नसावा.

मी त्यांच्यासमोर गेले. विचारलं, "साहेब, उजवा हात कामातून गेलेला जवान झेंड्याला काय करतो?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"आमच्या कंपनीत एक होता," ते म्हणाले. "उजवा हात गळ्यात बांधलेला. त्याला सांगितलं होतं, तू नुसता सावधान उभा राहा. झेंडा वर जायला लागला आणि त्याचा डावा हात आपोआप वर गेला. सगळ्यांनी पाहिलं. साहेब लोकांनीही पाहिलं. कुणाची छाती झाली नाही त्याला चूक म्हणायची."

"म्हणजे किसनचा हात गळ्यात बांधला तर?"

"उगाच नाही बांधता येणार. जखमेला कारण लागतं."

कारण होतं. अकराव्या भागात किसनने खेचराला दरीतून दोरीने ओढून काढलं होतं, दोर त्याच्या उजव्या हाताला गुंडाळलेला होता. ते सेल मीच तपासले होते. मी एक कोरा सेल उचलला, किसनवर ठेवला आणि त्याच्या गळ्यातून कोपरापर्यंत त्रिकोणी पट्टी काढली, आत मुडपलेला हात. पट्टी बरोबर छातीवरून गेली आणि उजव्या बाजूची मेडलं तिच्याखाली झाकली गेली. चौथ्या थरावर त्या प्रसंगात कोराच सेल होता. म्हणजे त्यावर काहीही काढलं तरी खालच्या वर्दीचा रंग तसूभर बदलणार नव्हता. सुमन माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने कुणाला विचारलं नाही, मोजे चढवले आणि दौत उघडली.

सुभेदारसाहेब उठून आले, खाली वाकले आणि म्हणाले, "गाठ मानेच्या मागे नाही. बाजूला, गळ्याच्या हाडावरच्या खड्ड्यात. आणि पांढरी पट्टी नको. कोऱ्या मांजरपाटाचा रंग घ्या."

पण नुसतं त्रिकोण काढून भागणार नव्हतं. माणूस चालतो तेव्हा बांधलेला हात कसा हलतो, थांबल्यावर पट्टी कशी बसते, हे बघायला हवं होतं, आणि ती चित्रं मुंबईहून येणार नव्हती. आमच्यातल्या रजियाने आपली ओढणी काढून दिली. साहेबांनी स्वतःचा उजवा हात गळ्यात बांधून घेतला. दोन दिवस तो साठीचा माणूस अबोली ओढणी गळ्यात घालून, खडूच्या खुणांवर पावलं टाकत, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता. थांबायचा, डाव्या हाताने सलाम करायचा, आणि दर वेळी करताना त्याचं तोंड कडू व्हायचं. मी भराभर चित्रं काढत होते. तोपर्यंत मी फक्त दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या होत्या. ती माझी पहिली स्वतःची चित्रं, डाव्या हाताने काढलेली, आणि साहेब मध्येच येऊन बघायचे आणि म्हणायचे, "कोपर दोन बोटं वर." एवढंच.

दोघी जणी किसनचा खाली लोंबणारा उजवा हात सेलवरून पुसत होत्या. पुढून शाई, मागून रंग, आणि तिथे कमरेची नवी रेघ. बाकीच्या पट्ट्या रंगवत होत्या. बुधवारी दुपारी वीज गेली. टेबलाखालच्या ट्यूबा गेल्या. आम्ही सगळ्या जणी उठलो, सेल खिडक्यांच्या तावदानांना लावले आणि उन्हाच्या उजेडात उभ्या उभ्या रेघा ओढल्या. खालून जाणाऱ्या लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे, नऊ बायका काचेला नाक लावून उभ्या.

गुरुवारी सकाळी साहेब अकराऐवजी सातला आले. गठ्ठा अंगठ्याने सोडला. किसन चालत आला, गळ्यात हात बांधलेला, थांबला, टाचा जुळवल्या आणि डावा हात कपाळाला नेला. साहेबांनी पुन्हा सोडला. मग पावतीपुस्तक काढून बराच वेळ लिहीत बसले. पावती फाडून घडी घातली आणि स्वतः पाकिटात टाकली. मला ‘मंजूर’ एवढाच शब्द दिसला. मला तेवढा पुरला. सुमन पदराने डोळे पुसत होती आणि मी तिला ओरडत होते, की सेलवर थेंब पडेल.

त्या रविवारी देशाने किसनला डाव्या हाताने सलाम करताना पाहिलं. निवेदकाच्या तोंडी मुंबईने एक वाक्य घातलं होतं खेचराच्या दोराबद्दल, बास. आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. पोतंभर पत्रं आली. पोरांना किसनची पट्टी सुटायला नको होती, म्हणून ती शेवटच्या भागापर्यंत सुटली नाही. पंधरा ऑगस्टला एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी रागाचं पत्र लिहिलं की आमची पाचवीची अख्खी तुकडी डाव्या हाताने सलाम करते, याला जबाबदार कोण? मी. आणि एक पत्र एका मुलीचं होतं, ते पाठारेसाहेबांनी मला पाठवलं. तिने लिहिलं होतं, मी डाव्या हाताने लिहिते, आई मारायची, आता मारत नाही, म्हणते तू किसनसारखी आहेस. ते पत्र मी माझ्या आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळाने माझ्या ताटात, न विचारता, आणखी एक भाकरी वाढली.

रुखरुख एकच राहिली. शेवटी नावं येत, तिथे आमचं ‘रंगकाम – नाशिक विभाग’ एवढंच यायचं. आणि पुढे पाठारेसाहेब मुलाखतींतून सांगू लागले की किसनला जखमी करायचं आम्ही लिहितानाच ठरवलं होतं. मी कधी काही बोलले नाही. पट्टीची कल्पना माझी म्हणायचं, तर आधी सांगावं लागणार होतं की घोडचूकही माझीच. दाखवायला पुरावाही नव्हता. सेल कॅमेऱ्याखालून परत आले की आम्ही ते सोड्याच्या पाण्यात धुऊन पुन्हा वापरायचो. किसनला मी स्वतःच्या हाताने धुतलंय.

यंदा त्या फोनवरच्या मंडळींनी नाशिकला एका सभागृहात मेळावा भरवला. ऋतुजा नावाच्या मुलीने, ती कॉम्प्युटरवाली आहे, ‘नाशिक विभाग’ या दोन शब्दांवरून शोधत शोधत मला गाठलं. मला व्यासपीठावर बसवलं. पडद्यावर जुने भाग दाखवले, मग प्रश्नमंजूषा झाली. पिस्तूल, बर्फ, खेचराचं नाव. शेवटचा प्रश्न ऋतुजाने विचारला, हवालदार किसन डाव्या हाताने सलाम का करतो? पन्नास हात वर गेले. एका गृहस्थांनी उत्तर दिलं, लेखक-दिग्दर्शकांना जखमी जवानाचा सन्मान करायचा होता म्हणून. "बरोबर," ऋतुजा म्हणाली.

मी माईक मागितला. म्हटलं, "उत्तर चूक आहे. तो माझ्या चुकीमुळे करतो." आणि आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं. तोरा, खेचर, नामंजूर, ओढणी, सगळं.

पुढच्या रांगेतल्या त्या गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे ती नुसती चूक होती?" त्यांचा चेहरा असा पडला, की मला वाटलं, बाई, एवढी वर्षं गप्प होतीस, आणखी थोडी राहिली असतीस तर काय बिघडलं असतं.

तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. पन्नाशीच्या, खांद्याला पिशवी. म्हणाल्या, "मी सुनंदा. नामपूरला शिक्षिका आहे. सुभेदार निकमांची मुलगी." त्यांनी पिशवीतून एक जुनं पावतीपुस्तक काढलं. पावत्या फाडलेल्या, पण कार्बनखालच्या प्रती जशाच्या तशा. त्यांनी चष्मा लावून वाचलं, "भाग तेरा. मंजूर. चूक पगारेबाईंची. उपाय पगारेबाईंचा. पट्टीची गाठ बरोबर. अशी बाई आमच्या कंपनीत हवी होती."

टाळ्या किती वेळ वाजल्या ते मला सांगता येणार नाही. पुढच्या रांगेतले गृहस्थ उभे राहून वाजवत होते. मला सुमनची आठवण आली, तिला हे ऐकायला मिळायला हवं होतं.

सुनंदाताई खाली बसल्या नव्हत्या. टाळ्या थांबल्यावर म्हणाल्या, "अजून एक सांगायचंय. शेवटची चार वर्षं आबांची उजवी बाजू गेली होती. हात उचलायचा नाही. सव्वीस जानेवारीला टीव्हीवर झेंडा वर जायला लागला, की ते पलंगावर बसल्या बसल्या डाव्या हाताने सलाम करायचे. पहिल्या वर्षी मी म्हटलं, आबा, तुम्हीच तर आयुष्यभर सांगितलं, डाव्या हाताने नसतो करायचा. तर म्हणाले, याला मंजुरी आहे. पगारेबाईंची."

मी खुर्चीतून उठले. साहेबांनी खडूच्या खुणांवर शिकवलं होतं तसं केलं, टाचा जुळवल्या, मान ताठ, तळवा समोर. हात कोणता वर गेला, ते मी दुसऱ्या दिवशी ऋतुजाने पाठवलेल्या फोटोत पाहिलं.